गॅमा किरणांचा मागोवा घेणारा डिटेक्टर: अल्गोरिदमला दोष देण्याआधी या चुका टाळा

किरण स्फटिकात कुठे कुठे आदळत गेला हे शोधून त्याचा मार्ग पुन्हा जुळवणे म्हणजे मागोवा. त्यासाठीच्या खंडित (पृष्ठभाग अनेक भागांत विभागलेल्या) जर्मेनियम डिटेक्टरची जुळणी पूर्ण होते, कोबाल्ट-६० चा स्रोत समोर ठेवला जातो आणि मागोव्यानंतरच्या वर्णपटात १३३२.५ केईव्हीचे (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे) शिखर बुटके, तर कॉम्प्टन पार्श्वभूमी (विखुरून निसटलेल्या किरणांच्या अपुऱ्या ऊर्जेच्या नोंदी) होती तशीच दिसते. अशा वेळी बहुतेक जण आधी अल्गोरिदमचे निकष बदलू लागतात. माझ्या मते पहिली चूक तीच. अल्गोरिदमच्या हाती आंतरक्रियांचे बिंदू आणि तेथे सोडलेली ऊर्जा एवढेच येते, त्यामुळे हे आकडेच चुकीचे असतील तर किरण विखुरण्याच्या कॉम्प्टनच्या सूत्रात कोन आणि ऊर्जा यांचा मेळ बसणार नाही.

युरोपातील 'आगाटा' आणि अमेरिकेतील 'ग्रेटा' या गॅमा-मागोव्याच्या प्रकल्पांत प्रत्येक स्फटिकाचा बाह्य पृष्ठभाग ३६ खंडांत विभागलेला असतो, आणि तपासणीची सुरुवात या खंडांपासूनच करावी. ज्या घटनांत ऊर्जा एका, दोन, तीन खंडांत वाटली गेली त्या वेगळ्या काढून खंडांच्या ऊर्जांची बेरीज मधल्या इलेक्ट्रोडच्या ऊर्जेशी ताडून पाहावी. खंडांची संख्या वाढेल तशी बेरीज अधिकाधिक कमी भरत असेल, तर तो क्रॉसटॉक (एका खंडाचा संकेत दुसऱ्यात झिरपणे) आहे. एकाच खंडातील घटनांतही शिखराला डावीकडे शेपूट फुटले असेल आणि मधल्या इलेक्ट्रोडचे शिखर मात्र बरेच नीट असेल, तर न्यूट्रॉनांनी स्फटिकाला इजा केली असल्याचा संशय घ्यावा. एन-प्रकारच्या (इलेक्ट्रॉन मुख्य भारवाहक असलेल्या) स्फटिकात बाहेरच्या खंडांकडे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या, धनभारित जागा) जातात आणि इजा झालेल्या जागी तेच अडकतात. त्यावर अॅनीलिंग (स्फटिक तापवून इजा भरून काढणे) हा उपाय आहे, सॉफ्टवेअरचे निकष बदलणे नव्हे.

क्रॉसटॉकचा दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. शेजारच्या खंडात प्रेरित होणारा क्षणिक स्पंद वर जाऊन पुन्हा शून्यावर येतो, आणि आंतरक्रियेचे स्थान सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत नेमके ठरते ते याच स्पंदाच्या आकारावरून. परंतु मूळ स्पंदाच्या चढावाच्या प्रमाणात उमटणारा क्रॉसटॉकही हुबेहूब तसाच दिसतो, म्हणून तो मोजून संदर्भ-स्पंदांत (तुलनेसाठी तयार ठेवलेल्या स्पंदांत) मिळवला नाही, तर बिंदू खंडाच्या एखाद्या कडेला गोळा होतात. वेळेची जुळणी काही नॅनोसेकंदांनी चुकली तरी असेच घडते.

स्फटिकाच्या अक्षांची दिशा अंदाजाने भरू नये. जर्मेनियममध्ये विद्युतभारांचा वेग दिशेनुसार बदलतो, त्यामुळे अरुंद शलाकेने स्फटिकाभोवती फिरून चढाव-काळ (स्पंद वर चढायला लागणारा वेळ) मोजल्यास दर ९० अंशांनी पुनरावृत्ती दिसते आणि अक्ष कुठे आहेत हे त्यावरून ठरते.

हे सारे जुळल्यावरच एकाच किरणाचे मानून बिंदूंचे गट पाडण्याच्या कोनाला हात लावावा, आणि तोही एकाच आंतरक्रियेच्या घटना वेगळ्या ठेवून, कारण त्यांत पडताळायला कोनच नसतो आणि किरण किती खोल शिरला एवढ्यावरच निवाडा करावा लागतो.