वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ॲप आणि फिटनेस बँड: सुरुवात खान्देशी फोडणीपासून

वजन कमी करण्यासाठी बँड घेणाऱ्याने पहिली नोंद पावलांची नव्हे, तर घरच्या तेलाची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲपच्या यादीत वांग्याचे भरीत शोधले की दिसणारा आकडा बहुधा बेताच्या तेलातल्या भरताचा असतो. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांना शेंगदाणे, लसूण आणि हिरव्या मिरचीसह सढळ हाताने फोडणी देणाऱ्या आपल्या घरांना तो लागू पडत नाही. शेवभाजीत तर शेव तळलेली आणि वर तर्रीचा तवंग. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, म्हणजे एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात, आणि नोंदीतून सुटतात त्या नेमक्या याच.

यावर उपाय असा की, हेल्दीफायमीसारख्या ज्या ॲपमध्ये भारतीय पदार्थ असतात ते घ्यावे आणि त्यात स्वतःची पाककृती नोंदवावी. फोडणीपूर्वी तेलाची बरणी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ठेवावी, फोडणी झाल्यावर पुन्हा ठेवावी. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे भरतात गेलेले तेल. बाकीचे जिन्नसही तोलून नोंदवावेत, तयार भरीत पातेल्याचे वजन वजा करून मोजावे आणि आपल्या ताटातला वाटा ग्रॅममध्ये लिहावा. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसाठी मात्र कोरडे पीठ तोलावे, कारण भाकरीच्या वजनात पाणीही येते. 100 ग्रॅम पिठाच्या साधारण 350 कॅलरी धराव्यात. घरात नेहमी होणाऱ्या आठ-दहा पदार्थांसाठी ही मेहनत एकदा घेतली की रोजची नोंद काही मिनिटांत उरकते.

बँडवरील पावलांचा आकडा कामापुरता विश्वसनीय असतो. 'खर्च झालेल्या कॅलरी' मात्र ढोबळ अंदाज असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये सात उपकरणे तपासली, तेव्हा त्यांतल्या सर्वांत अचूक उपकरणाचाही ऊर्जाखर्चाचा अंदाज सरासरी 27 टक्क्यांनी चुकला होता. म्हणून बँडने 300 कॅलरी दाखवल्या तरी तेवढ्या जास्त खाण्याची मुभा मिळाली, असे समजू नये. पट्टा मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधावा, नाहीतर नाडीचे ठोकेही चुकीचे दिसतात. निंदणी किंवा कापूस वेचणी करणाऱ्यांचे श्रम पावलांत पुरेसे उतरत नाहीत, तेव्हा कमी आकडा पाहून त्यांनी खट्टू होऊ नये.

दहा हजार पावलांचे लक्ष्य 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाले. त्याऐवजी पहिला आठवडा नेहमीसारखे वागून स्वतःची सरासरी काढावी आणि नंतर ती हळूहळू, हजार-हजाराने वाढवावी. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा चालणे सूर्योदयाच्या आधीच उरकावे. जळगावकरांना त्यासाठी मेहरूण तलावाचा परिसर आहे.

केवळ बँड बांधल्याने वजन उतरत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 470 तरुण प्रौढांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन होते. दोन वर्षांत उपकरण वापरणाऱ्या गटाचे वजन सरासरी 3.5 किलोने, तर स्वतःच नोंदी करणाऱ्यांचे 5.9 किलोने घटले.

वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी करावे आणि ॲपमध्ये आठवड्याची सरासरी पाहावी. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेला, तरी त्यात मिठामुळे साठलेले पाणीच बरेच असते. त्यासोबत महिन्यातून एकदा कंबरेचा घेर मोजावा. भारतीयांमध्ये पुरुषांनी 90 आणि स्त्रियांनी 80 सेंटिमीटरच्या आत राहावे, असे मानले जाते. आठवड्याला अर्धा किलो घट पुरेशी आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी, कारण जेवण घटले आणि मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. गरोदर स्त्रियांनी तर ॲपचे कॅलरी-लक्ष्य वापरूच नये.