वेचे पाठवण्याआधी या चुका टाळा

वाचनालयाचा गट असो, शाळेतला भित्तीफलक असो की मंडळाचे मासिक पत्रक, 'इंटरनेटवरून वेचलेले' असा कोपरा हल्ली बऱ्याच ठिकाणी असतो. संस्कृती, विज्ञान, राजकारण यांतले चार-पाच तुकडे निवडायचे, दोन ओळी लिहायच्या आणि पुढे पाठवायचे. या तुकड्यांत निखळ थापा कमीच असतात. घोटाळा होतो तो खऱ्या माहितीचा. मूळ वाक्यातला एक शब्द गळतो, फोटो दुसऱ्याच समुद्राचा निघतो, आकड्याचे एकक बदलते. गोव्याच्या माहितीला हा धोका जास्त आहे, कारण इथल्या एकेका गावाचे नाव तीन-चार प्रकारे लिहिले जाते आणि मूळ कागद पोर्तुगीज, मराठी, कोकणी, इंग्रजी असे विखुरलेले आहेत.

'पहिला' आणि 'जागतिक वारसा'

'आशियातला पहिला छापखाना गोव्यात आला' हे वाक्य दरवर्षी फिरते. १५५६ साली जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजमध्ये छापखाना सुरू झाला, हे खरे. पण चीन आणि कोरियात छपाई त्याच्या कितीतरी आधीची आहे. धातूच्या खिळ्यांनी १३७७ साली कोरियात छापलेले पुस्तक आजही जतन केलेले आहे. म्हणून 'भारतातला पहिला छापखाना' असे लिहावे, किंवा 'युरोपीय पद्धतीचा' हे शब्द तरी ठेवावेत. तेवढ्याने गोव्याचा मान तसूभरही कमी होत नाही आणि वाक्य कुणी खोडूही शकत नाही.

कुशावती नदीच्या काठावरच्या पणसायमळच्या कातळचित्रांचेही असेच होते. तिथल्या जांभ्यावर कोरलेले बैल, हरणे आणि ते गोल चक्रव्यूह १९९३मध्ये अभ्यासकांसमोर आले. 'युनेस्कोचा जागतिक वारसा' असे त्यांच्याबद्दल बेधडक लिहिले जाते. कोकणातल्या कातळचित्रांचा समूह २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला आणि त्यात पणसायमळ आहे. तात्पुरती यादी म्हणजे देशाने पुढे नामांकन करण्यासाठी नोंदवलेली नावे. गोव्यात प्रत्यक्ष वारसास्थळ आहे ते जुन्या गोव्यातली चर्च आणि कॉन्व्हेंट, १९८६पासून. खात्री करायची तर युनेस्कोच्या संकेतस्थळावर दोन्ही याद्या वेगवेगळ्या आहेत. नाव नेमके कोणत्या यादीत सापडते ते पाहा.

या चित्रांच्या वयाबद्दल 'कार्बन डेटिंगने सिद्ध' असे लिहिलेले दिसले तर तिथेच थांबा. कार्बन पद्धतीला सेंद्रिय पदार्थ लागतो: कोळसा, हाड, लाकूड. दगडावर कोरलेल्या रेघेत तो नसतो. आसपासच्या थरातल्या अवशेषांवरून किंवा शैलीवरून अंदाज बांधता येतो, पण मग तो अंदाज म्हणूनच लिहायला हवा.

चमकणाऱ्या लाटा

'काल रात्री गोव्याच्या किनाऱ्यावर' असे लिहून निळ्या प्रकाशाने पेटलेल्या लाटांचा फोटो येतो. घटना खरी असू शकते. नॉक्टिल्युका सिंटिलान्स हा सूक्ष्म जीव अरबी समुद्रात मोठ्या संख्येने वाढतो आणि पाणी हलले की पेशीतल्या रासायनिक क्रियेने चमकतो. एका पेशीची चमक सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी टिकते. फोटो मात्र बऱ्याचदा मालदीवचा असतो.

तपासायचे असे. फोटो गूगल लेन्समध्ये टाकताना कडेची अक्षरे, लोगो, पट्टी कापून टाका; नाहीतर शोध त्या अक्षरांमागेच धावतो. मग तोच फोटो टिनआय या फोटो शोधणाऱ्या संकेतस्थळावर टाका आणि निकाल 'सर्वात जुना आधी' या क्रमाने लावा. फोटो चार वर्षांपूर्वीचा निघाला, तर 'काल रात्री' तिथेच खोटे ठरले. व्हिडिओ असेल तर सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे दृश्य थांबवून प्रत्येकाचा स्क्रीनशॉट वेगळा शोधा, कारण जोडलेल्या व्हिडिओत पहिले दृश्य गोव्याचे आणि बाकीची भलतीकडची असतात.

शोधात काही सापडले नाही, तर फोटोच नीट पाहा. लाटा धुक्यासारख्या मऊ दिसतात का? होडीचा दिवा ठिपका आहे की रेघ? तारे थोडे लांबट झालेत का? तसे असेल तर कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी होती आणि डोळ्यांना जे अंधुक दिसले असेल ते फोटोत झगझगीत झाले आहे. असा फोटो खरा असला तरी खाली 'झडप बराच वेळ उघडी ठेवून घेतलेला' असे लिहा, नाहीतर लोक रात्री किनाऱ्यावर जातात आणि निराश होऊन परततात.

मूळ फोटो मागवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते.

म्हादईचे आकडे

म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा हा विषय गोव्याच्या जिव्हाळ्याचा, म्हणून चुकाही इथेच सर्वाधिक. हा वाद सोडवणाऱ्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. पुढे पाठवलेल्या मजकुरात '१३.४२ टीएमसी पाणी मलप्रभेत (कर्नाटकातली नदी) वळवणार' असे येते. निवाड्यात त्या आकड्याची फोड आहे: कळसा ओढ्यातून १.७२ आणि भांडुरा ओढ्यातून २.१८, म्हणजे खोऱ्याबाहेर वळवायचे ३.९०, खोऱ्यातल्या वापराला १.५, आणि उरलेले ८.०२ जलविद्युत प्रकल्पासाठी. विरोध करणाऱ्याने तर ३.९० हाच आकडा पाठ ठेवावा. चुकीचा मोठा आकडा मांडला की समोरचा तेवढाच खोडून काढतो आणि अभयारण्य, गोडे पाणी, खाऱ्या पाण्याचे आत शिरणे हे खरे मुद्दे बाजूला राहतात.

दुसरी चूक एककाची. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. हे साठ्याचे माप आहे. क्युसेक हे प्रवाहाचे: सेकंदाला एक घनफूट. 'धरणातून पाच टीएमसीने विसर्ग सुरू' या वाक्याला काही अर्थच नाही. मेळ घालायचा असेल तर ११,५७४ क्युसेकचा प्रवाह अखंड चोवीस तास चालला की एक टीएमसी होतो. इंग्रजी बातमीतून आकडा घेताना मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे कागदावर मांडूनच पुढे जा. तोंडी हिशेबात एक शून्य हमखास गळते.

कौल कशाचा होता?

'१९६७मध्ये गोव्याने स्वतंत्र राज्यासाठी मतदान केले' हे चूक. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्यातल्या मतदारांपुढे दोनच पर्याय होते: महाराष्ट्रात विलीनीकरण (फूल) किंवा संघप्रदेश म्हणून राहणे (दोन पाने). दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. घटकराज्य झाले ते ३० मे १९८७ रोजी, वीस वर्षांनी. कोणत्याही मतदानाचा निकाल पाठवताना मतपत्रिकेवरचा प्रश्न काय होता ते आधी शोधा.

समान नागरी कायद्यावरच्या मजकुरातही हेच पथ्य. 'गोव्यात सगळ्यांना एकच कायदा आहे' हे अर्धे सत्य. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७०पासून लागू झाली, पण हिंदूंच्या काही रूढी राखणारा १८८०चा हुकूमही तिच्या जोडीला आहे. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या विधानसभेने केलेल्या नव्या कायद्यात गेला आहे. १८६७ची संहिता वाचून आजच्या वाटणीचा सल्ला कुणाला देऊ नका.

नाव बदलून शोधा

जुन्या माहितीत 'काही सापडत नाही' याचे कारण बहुधा नावात असते. पणजीला पंजिम, पांगिम म्हणतात आणि १८४३पासून तिचे अधिकृत नाव नोव्हा गोवा होते. पोर्तुगीज कागद धुंडाळताना हे शेवटचे नाव टाकल्याशिवाय पान हलत नाही. 'साष्टी' शोधताना गोव्याचा तालुका आणि मुंबईचे बेट एकत्र येतात. सोबत मडगाव किंवा राय असे एखादे गाव जोडा. १९११च्या आधीच्या पोर्तुगीज मजकुरात शुद्धलेखनही जुने, 'फ'साठी पी-एच. आजच्या वळणाने शब्द टाकला तर तो मिळणार नाही.

मराठीत शोधताना सामान्यरूप विसरू नका. अवतरणचिन्हांत 'पेडणे' हे तालुक्याचे नाव टाकले तर 'पेडण्याच्या', 'पेडण्यात' असलेली पाने सुटतात. केपे, सांगे यांचेही तसेच. दोन्ही रूपे वेगवेगळी शोधा. स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफमध्ये जोडाक्षरे तुटतात, म्हणून जोडाक्षर नसलेला लहान शब्द निवडा.

सारख्या नावांकडेही लक्ष असू द्या. 'ऑपरेशन विजय' १९६१चे गोव्यातलेही आणि १९९९चे कारगिलचेही. फोटो सर्रास मिसळतात. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक, तर त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) गणिती आणि इतिहासकार. 'डी. डी.' म्हटले की ते पुत्र.

नोंद ठेवा, दुरुस्ती पाठवा

प्रत्येक वेच्याखाली चार गोष्टी असाव्यात: मूळ दुवा, लिहिणाऱ्याचे किंवा संस्थेचे नाव, प्रसिद्धीची तारीख आणि तुम्ही पाहिल्याची तारीख. परदेशी संकेतस्थळावरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवा; पहाटे साडेपाचच्या आधीची आपली घटना तिथे आदल्या दिवशीची दिसते. दुवा वेबॅक मशीन या पानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून ठेवा, कारण पाने हलतात आणि मजकूर गुपचूप बदलला जातो. संशोधनाची बातमी असेल तर मूळ निबंधापर्यंत जा आणि तो तज्ज्ञांनी तपासून छापलेला आहे की नुसता मसुदा, हे एका शब्दात लिहा.

तरी चूक गेलीच, तर व्हॉट्सअॅपवर संदेश बदलायला पंधरा मिनिटे मिळतात, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती बदलत नाहीत. म्हणून मूळ संदेश न पुसता त्यालाच उत्तर म्हणून नवा संदेश टाका. पहिला शब्द 'दुरुस्ती', मग चुकीचे वाक्य, मग बरोबर वाक्य आणि आधाराचा दुवा. फोटो चुकला असेल तर त्याच फोटोवर ठळक आडवी रेघ मारून पाठवा, म्हणजे ज्यांनी तो फोटो पुढे दिला त्यांना तो पाहताच ओळखता येईल.