कॉलेज फुटबॉलमधली रिकव्हरी : यंत्रं घेतली, तरी या चुका टाळा

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल, म्हणजे हेल्मेट आणि शोल्डर पॅड घालून खेळतात तो, आता आणखी लांबला आहे. २०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ आले आणि त्या हंगामात विजेतेपदापर्यंत पोचायला ओहायो स्टेट विद्यापीठाला १६ सामने खेळावे लागले. खेळणारी मुलं मात्र तीच, १८ ते २३ वर्षांची, सकाळी वर्गात बसणारी. म्हणून रिकव्हरीसाठी, म्हणजे थकवा भरून काढायला, विद्यापीठं स्पोर्ट्स सायन्सवर पैसा ओतत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण यंत्रं येऊनही मुलं थकलेलीच राहतात, तेव्हा कारणं बहुतेक ठिकाणी ठरावीक असतात. फिजिओथेरपी किंवा डेटाचं शिक्षण घेऊन अशा संघांबरोबर काम करू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींनी ती आधीच माहीत करून घ्यावीत.

लाइनमनला धावपटूच्या मापाने मोजणं

सर्वात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून ती आधी. लाइनमन म्हणजे पुढच्या रांगेत उभा राहून समोरच्याशी झुंजणारा भारदस्त खेळाडू. जीपीएस व्हेस्ट, म्हणजे हालचाल मोजणारं छोटं युनिट बसवलेलं जाकीट, सॉकर आणि रग्बीसारख्या खेळांतून इथे आलं. एकूण अंतर, वेगात कापलेलं अंतर, सर्वोच्च वेग हे त्याचे ठळक आकडे. वाइड रिसीव्हर (धावत जाऊन पास झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (त्याला रोखणारा) यांच्यासाठी ते बोलके आहेत. १४० किलोचा ऑफेन्सिव्ह लाइनमन मात्र प्रत्येक खेळीत, म्हणजे चेंडू सुरू होऊन थांबेपर्यंतच्या काही सेकंदांत, दोन-चार पावलं टाकतो आणि समोरच्या तितक्याच वजनाच्या माणसाला पाच सेकंद अडवून धरतो. असं साठ-सत्तर वेळा. संध्याकाळच्या अहवालात त्याच्या नावापुढे अंतराचा लहानसा आकडा आणि हिरवा रंग दिसतो. कोच म्हणतो, हा ताजातवाना आहे, याला उद्या जादा घ्या. कंबर आणि गुडघे मात्र बोलत असतात, फक्त अहवालात त्यांना रकाना नसतो.

उपाय असा : लाइनमनसाठी अंतराचा रकाना काढूनच टाका. त्याऐवजी तीन गोष्टी धरा. व्हेस्टमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरने मोजलेली तिन्ही दिशांच्या धक्क्यांची बेरीज, पूर्ण पॅडमध्ये खेळलेल्या खेळींची संख्या, आणि सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारलेला साधा प्रश्न : मेहनत १० पैकी किती? उत्तराला सरावाच्या मिनिटांनी गुणा. ८ आणि १२० मिनिटं म्हणजे ९६०. हा आकडा फुकट आहे आणि लाइनमनच्या बाबतीत अंतरापेक्षा कितीतरी खरा. तुलना त्याच्याच मागच्या आठवड्यांशी करा, फार तर त्याच जागेवरच्या खेळाडूंशी.

उपकरणाच्या चुका वेगळ्या. युनिट चालू करून थेट मैदानात उतरलं की पहिली काही मिनिटं कचरा येतो. उघड्या आकाशाखाली १० ते १५ मिनिटं आधी चालू करून ठेवा. एका खेळाडूला कायम एकच युनिट द्या, कारण दोन युनिटांची मापं हुबेहूब जुळत नाहीत. व्हेस्ट सैल असेल तर पॅडचं आपटणंही धक्का म्हणून मोजलं जातं. छताखालच्या मैदानात उपग्रह दिसत नाहीत, त्या दिवशीचं अंतर भरवशाचं नसतं; ते सरासरीत मिसळू देऊ नका. कुणाचा वेग सेकंदाला १३ मीटर दिसला तर खूश होऊ नका. युसेन बोल्टही साडेबाराच्या आतच होता. ती नोंद काढून टाका.

उडीची फक्त उंची बघणं

फोर्स प्लेटवरची, म्हणजे पायांचा जोर मोजणाऱ्या पाटीवरची, उडी ही थकवा ओळखायची चांगली चाचणी आहे, पण नुसती उंची बघितली तर ती फसवते. थकलेलं शरीर तीच उंची गाठतं, फक्त जास्त खोल बसून, जास्त वेळ घेऊन. म्हणून उंचीबरोबर खाली बसायला सुरुवात केल्यापासून पाय प्लेटवरून सुटेपर्यंतचा वेळ बघा. उंची तीच आणि वेळ वाढलेला, तर पाय थकलेले आहेत.

पद्धत ठरलेली हवी. प्लेट रिकामी असताना शून्यावर आणा. खेळाडूने हात कमरेवर ठेवून दोन सेकंद स्तब्ध उभं राहायचं, नाहीतर वजनच चुकीचं धरलं जातं आणि पुढची सगळी गणितं बिघडतात. तीन उड्या, दर वेळी तेच बूट, आठवड्याचा तोच वार, तीच वेळ. पहिले तीन-चार आठवडे फक्त नोंदी ठेवा, निर्णय घेऊ नका. प्रत्येकाचा नेहमीचा चढउतार कळला की त्याच्या बाहेर गेलेल्यालाच बाजूला बोलवा. दुसऱ्या विद्यापीठातून बदली होऊन आलेल्या खेळाडूच्या जुन्या नोंदी बहुधा मिळत नाहीत. त्याची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू करा.

झोपेची खोली बांधली, वेळापत्रक तेच

२०१९ मध्ये एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) २ कोटी ८० लाख डॉलर खर्चून फुटबॉलची इमारत नव्याने सजवली, त्यात झोपता येईल असे लॉकर, म्हणजे स्लीप पॉड, बसवले. सोय चांगलीच आहे. पण पहाटे सहाला वजनं उचलायला बोलवायचं आणि दुपारी झोपायला पॉड द्यायचा, हे आधी कळस मग पाया झालं. स्टॅनफर्डच्या बास्केटबॉलपटूंना रोज १० तास अंथरुणात घालवायला सांगितलं तेव्हा त्यांचा धावण्याचा वेग आणि नेम दोन्ही सुधारले. ते संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याला यंत्र लागलं नाही, रात्र लागली.

शनिवारचा रात्रीचा सामना बाहेरगावी असेल तर संघ पहाटे परततो. रविवारची पहिली बैठक दुपारनंतर ठेवा. डुलकी २० ते ३० मिनिटांची, नाहीतर पूर्ण दीड तासाची. मधल्या वेळेत उठवलं तर मूल गुंगीतच राहतं. आणखी एक : एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला सराव-सामन्यांचे २० तास आणि एक दिवस सुट्टी, पण उपचार या २० तासांत धरले जात नाहीत. मग सक्तीची रिकव्हरी सकाळच्या झोपेतच घुसवली जाते. तसं करू नका.

जाड मानेच्या लाइनमनमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास वारंवार आढळतो. मान ४३ सेंटीमीटरच्या वर आणि रूममेट घोरण्याची तक्रार करतो, तर पॉड नको, झोपेची तपासणी करून घ्या. मनगटी पट्टा झोपेचे एकूण तास बऱ्यापैकी सांगतो. गाढ झोप किती, यावर त्याचा शब्द धरू नका.

वर्षभर एकाच नियमाने बर्फाचा टब

१० ते १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० ते १५ मिनिटं बसल्याने दुखणं कमी वाटतं, दुसऱ्या दिवशी पाय हलके वाटतात. ऑगस्टच्या शिबिरात आणि सामन्यांच्या दिवसांत ते हवंच. पण जानेवारी ते मार्च मुलं स्नायू कमवत असतात. त्या वेळी वजनांनंतर लगेच टबात बसवलं तर स्नायूंची वाढ मंदावते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात हेच दिसलं. त्या महिन्यांत टब बंद ठेवा.

टबचा काटा १२ दाखवतो, तरी मूल म्हणतं थंड वाटत नाही? स्तब्ध पाण्यात अंगाभोवती कोमट थर धरतो. पाणी ढवळा. दोन मोठे लाइनमन बसून उठले की तापमान पुन्हा मोजा.

घामाचे कपडे घालून वजन

सराव झाल्यावर ओल्या शर्टासकट वजन केलं की गमावलेलं पाणी कमी दिसतं. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कोरड्या चड्डीवर, अंग पुसून वजन घ्या. १४० किलोच्या खेळाडूचे २.८ किलो कमी झाले म्हणजे २ टक्के. त्यापुढे कामगिरी घसरते. गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, पुढच्या काही तासांत, मिठाच्या जेवणाबरोबर. वजन सरावानंतर वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं आहे; रक्तातलं सोडियम घसरून जीवही जाऊ शकतो. या विषयातलं प्रसिद्ध पेयही कॉलेज फुटबॉलमधलंच : १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे डॉ. रॉबर्ट केड यांनी आपल्या गेटर्स संघासाठी पेय बनवलं, तेच गेटोरेड.

अहवाल सरावानंतर

कोच सकाळी सातला सरावाचा आराखडा ठरवतो आणि आकडे नऊला पोचतात. वरातीमागून घोडं. आठवड्याला पाच नावं आणि प्रत्येकापुढे एक ओळ, काय कमी करायचं ते, एवढंच द्या, आणि आराखडा ठरण्याआधी द्या. झोप आणि थकव्याबद्दल सकाळी विचारलेल्या प्रश्नांना सगळेच स्वतःला ५ पैकी ४ गुण देत असतील तर मुलं घाबरून लिहीत आहेत. झोप नीट झाली नाही म्हटल्यावर ज्याची जागा गेली, तो पुन्हा खरं लिहिणार नाही.

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी कसोटी

जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाचे १३ खेळाडू रुग्णालयात गेले. सुट्टीवरून परतताच त्यांना कमाल वजनाच्या निम्म्या वजनाने १०० स्क्वॉट, वेळ लावून, करायला सांगितले होते. स्नायू फुटून त्यांतलं प्रथिन मूत्रपिंडात उतरतं, त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. काळ्या चहाच्या रंगाची लघवी आणि न ओसरणारी सूज दिसली तर थेट रुग्णालय. दीर्घ विश्रांतीनंतर पहिल्या आठवड्यात भार निम्मा, मग ३०, २० आणि १० टक्के कमी, असे चार आठवडे धरा. सिकल सेलचा (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक दोषाचा) वारसा असलेल्या मुलांना जास्त विश्रांती द्या आणि त्यांना कधीही थांबू द्या.

उन्हात आधी रुग्णवाहिका, मग बर्फ

जून २०१८ मध्ये मेरीलँडचा १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर उष्माघाताने गेला. मेच्या अखेरच्या सरावात तो कोसळला, तेव्हा त्याला बर्फाच्या पाण्यात बसवलंच नव्हतं. नियम उलटा हवा : आधी थंड करा, मग हलवा. सराव सुरू होण्याआधी टब अर्धा भरलेला, शेजारी बर्फाचे तीन-चार कूलर. कपाळाच्या किंवा कानाच्या थर्मामीटरवर विसंबू नका, गुदद्वारातलंच तापमान धरा. ४०.५ अंशांच्या आसपास असेल आणि मूल बरळत असेल तर गळ्यापर्यंत पाण्यात, पाणी ढवळत, अर्ध्या तासाच्या आत ३८.९ पर्यंत आणा. टबात उतरवण्याची तालीम जुलैतच करा, आणि ती ८० किलोच्या किकरवर नको. १४० किलोच्या लाइनमनला उचलायला पाच-सहा जण आणि एक मजबूत चादर लागते. चादरीचं कुठलं टोक कुणी धरायचं, हे त्याच दिवशी ठरवून टाका.