बडोद्याहून ग्रँड कॅन्यनला: दोन दिवसांची तयारी

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आपल्या बडोद्याच्या मंडळींच्या बेतात ग्रँड कॅन्यन असतंच, आणि बहुतेक वेळा ते लास व्हेगासला जोडून दोन दिवसांत बघायचं असतं. दोन दिवस पुरतात. फक्त वाळवंट म्हटल्यावर कच्छच्या रणाची बॅग भरू नका. इथे आपण ज्या कड्यावर उभे राहतो तोच मुळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंच आहे. दरी तिथून खाली जवळजवळ दीड किलोमीटर उतरते आणि तळाशी कोलोरॅडो नदी वाहते. म्हणजे वर थंडी आणि विरळ हवा, खाली भट्टी. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते.

सगळ्यात आधी कुठे जायचं ते पक्कं करा, कारण नावांत फसगत होते. दरीवर काढलेला काचेचा तो प्रसिद्ध पूल, स्कायवॉक, वेस्ट रिमला (रिम म्हणजे दरीचा कडा) आहे. ती वालापाई जमातीची जमीन, राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर, तिकीटही वेगळं. उद्यान बघायचं तर साउथ रिम, आणि या दोन्हींमध्ये गाडीने चार-साडेचार तासांचं अंतर आहे. फोनवर नुसतं ‘ग्रँड कॅन्यन’ टाकून निघू नका, पत्ता साउथ रिमचा आहे ना ते बघा. लास व्हेगासहून साउथ रिम सुमारे ४५० किलोमीटर, साडेचार तास, फीनिक्सहून साडेतीन. सकाळी जाऊन रात्री परत असा बेत कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. नऊ तास गाडीत काढून दरीच्या वाट्याला दुपारचं रखरखीत ऊन तेवढं येतं, आणि दरी दुपारी सर्वात सपाट दिसते. समोरचा नॉर्थ रिम सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरवर असला तरी रस्त्याने साडेतीनशेच्या आसपास पडतो, हिवाळ्यात बंद असतो, आणि तिथलं जुनं लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलं. छोट्या सहलीत तो सोडून द्या.

मुक्काम शक्यतो उद्यानाच्या आत करा, म्हणजे सूर्यास्त आणि सूर्योदय दोन्ही पायी जाऊन बघता येतात. तिथल्या खोल्या वर्षभर आधी भरायला लागतात, तेव्हा व्हिसाच्या मागे लागतानाच मुलांना हे सांगून ठेवा. आत नाही मिळालं तर दाराशी टुसायान गाव आहे, नाहीतर तासाभरावर विल्यम्स. तारीख हातात असेल तर पंचांगात अमावास्या कधी ते बघा. २०१९ पासून हे अधिकृत ‘डार्क स्काय पार्क’ आहे. दिवे मुद्दाम मंद ठेवतात, आणि आकाशगंगा इतकी स्वच्छ दिसते की गच्चीवर झोपणारी आपली पिढीसुद्धा थक्क होते. लाल उजेडाची छोटी विजेरी जवळ असू द्या.

पैशांचं गणित २०२६ पासून बदललं आहे. गाडीमागे सात दिवसांचे ३५ डॉलर होतेच. आता अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा वर्षांच्या आणि त्यापुढच्या पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनसकट अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जास्त पडतात. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. आई-बाबा दोघंच आणि उद्यान एकच असेल तर ३५ अधिक २०० आणि एका पासचे २५० यांत फारसा फरक नाही, पण झायन किंवा ब्राइस कॅन्यन ही उद्यानंही जोडणार असाल तर पासच घ्या. मुलांकडे स्वतःचा पास असेल तर तो तुम्हाला कसा लागू होतो, हे उद्यानाच्या संकेतस्थळावर निघण्याआधी वाचून घ्या. पासपोर्ट जवळ ठेवा.

आता पाय. डोंगराची आपली सवय आधी चढायचं, मग उतरायचं अशी. ही दरी म्हणजे उलटा पावागड: उत्साहात झरझर उतरून जातो आणि दमलेल्या पायांनी, चढत्या उन्हात वर यायचं असतं. मध्ये रोपवे नाही. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. अर्धा तास उतरलात तर परतीला एक तास. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका, असं उद्यानाचे रेंजर कळकळीने सांगतात, आणि ते ऐकाच. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार उतारावर असूच नये, कारण दर तीनशे मीटर खाली गेलं की पारा साधारण तीन अंशांनी चढतो. वर तीस असताना तळाशी चाळीसच्या पुढे असतो. म्हणून निघण्याआधी महिनाभर रोज कमाटीबागेत चाला, आणि दोन-तीन रविवार माचीहून पावागडच्या पायऱ्या चढा-उतरा. जे बूट तिकडे घालणार तेच घाला. गुडघे उतरताना बोलतात, चढताना नाही. काठी लागेल की नाही ते तिथेच कळेल.

गुडघ्यांनी साफ नकार दिला तरी काही बिघडत नाही. कड्यावरची रिम ट्रेल बरीचशी सपाट आणि फरसबंद आहे, आणि तिच्यावरची ‘ट्रेल ऑफ टाइम’ मला उतरणीइतकीच मोलाची वाटते. एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं मागे, आणि वाटेत त्या त्या काळाचे खडक मांडून ठेवलेले. पायाखालचा चुनखडक सुमारे सत्तावीस कोटी वर्षांचा, तळाचा काळा खडक सुमारे पावणेदोनशे कोटींचा. नातवंडं बरोबर असतील तर हीच वाट धरा. पहिल्या संध्याकाळी फुकटच्या बसने होपी पॉइंटला सूर्यास्त बघा (तो हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो), आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पाय धड असणाऱ्यांनी साउथ कैबाब या उतरणीच्या वाटेवरून ऊ-आ पॉइंटपर्यंत जाऊन यावं. जाऊन-येऊन तीन किलोमीटरपेक्षा थोडं कमी. वाटेवर पाण्याचा नळ नाही, वरूनच भरून घ्या.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगते. बडोद्यात घामाने सदरा भिजतो, म्हणून तहान कळते. तिथली हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आतच उडतो आणि अंगातलं मीठ गेल्याचं कळतही नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर मीठ आणखी पातळ होऊन चक्कर, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. म्हणून प्रत्येक घोटाबरोबर काहीतरी खारं हवं, आणि इथे आपला डबा खरोखर औषध आहे: मसाला खाखरे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, शेव, खारे दाणे. बटाट्याचा ओलसर लीलो चिवडा प्रवासात टिकत नाही, तो नको. ओआरएसची पाकिटं घ्या. खाण्याचे पदार्थ विमानतळावर कस्टमच्या विचारणीत जाहीर करा. ताजी फळं नेऊ नका. चहाची आपली किटली नेऊ नका, तिथल्या १२० व्होल्टवर ती पाणी उकळायला फार वेळ लावते.

कपडे थरांचे. जुलैतही सूर्योदयाला स्वेटर लागतो आणि जानेवारीत कड्यावर बर्फ असतो. तेव्हा लोकरीची टोपी, मोजे, आणि निसरड्या वाटेसाठी बुटांना लावायचे दातेरी पट्टे. रुंद काठाची टोपी आणि गॉगल बारा महिने. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. छोट्या डबीत तूप ठेवा, दोन्हीला चालतं. रक्तदाबाच्या, दम्याच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, आणि उंचीचं डॉक्टरांच्या कानावर घालून या. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी विजा कोसळतात. गडगडाट ऐकताच कडा सोडून गाडीत किंवा बसमध्ये शिरा. बहुतेक ठिकाणी कठडा नाही, दोन मीटर आत उभं राहूनच फोटो काढा. आणि खारींना दाणे घालू नका, हौसेने घालणाऱ्यांची बोटं त्या फोडतात.

निघायच्या सकाळी उद्यानाचं संकेतस्थळ उघडून पाण्याची खबर घ्या. साउथ रिमचं सगळं पाणी पलीकडच्या कड्याखालच्या झऱ्यातून, दरी ओलांडून येणाऱ्या १९६० च्या दशकातल्या नळातून येतं. तो वारंवार फुटतो, आणि मोठा फुटला की मुक्कामाच्या खोल्यासुद्धा बंद ठेवाव्या लागतात. गाडीत माणशी चार लिटर पाणी आधीच भरून ठेवा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, आणि टुसायानच्या आधीच पेट्रोल भरा.