चिंतेची गोळी कमी करताय? या चुका टाळा

गणपतीला गावी गेलो आणि गोळ्यांची पट्टी पुण्यातच राहिली. क्लोनाझेपाम, ०.५ मिलिग्रॅम, रोज रात्री एक, सलग दोन वर्षं. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. वाटलं, सुटली की! चौथ्या रात्री डोळ्याला डोळा लागेना, हात थरथरत होते आणि सकाळी कुकरची शिट्टी झाली तर मी अक्षरशः उडालो. हे औषध शरीरातून सावकाश उतरतं, म्हणून त्रासही उशिरा येतो. गावातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळी द्यायला नकार दिला. त्याचं बरोबरच होतं. असल्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तेव्हा पट्टी संपायची वाट बघू नका, आणि प्रवासात चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

माझं थरथरीवर निभावलं. रोजची गोळी एकदम बंद केली तर फिटही येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. ‘मनाचा निग्रह’ वगैरे इथे चालत नाही. प्रश्न मेंदूच्या सवयीचा आहे.

दुसरी चूक हिशेबाची. ‘अर्धी केली’ हे ऐकायला सौम्य वाटतं, पण ०.५ वरून ०.२५ म्हणजे एका फटक्यात ५० टक्के कपात! अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्केच कमी करायला सांगतात आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जाऊ नका म्हणतात. शिवाय प्रत्येक कपात आधीच्या डोसच्या मानाने मोजायची. म्हणून शेवटचे तुकडे सगळ्यात चिवट. तुमचा वेग मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा; किती वर्षं घेताय, वय काय, बाकी औषधं कोणती, यावर तो बदलतो.

एक दिवसाआड घेणं हाही लाडका उपाय. अल्प्राझोलाम ही याच जातीची दुसरी गोळी; तिचा साधारण निम्मा भाग अकरा-बारा तासांत शरीरातून जातो. दिवसाआड घेतलं तर रोज चढ-उतार, म्हणजे दर दुसऱ्या दिवशी छोटी त्रासफेरी. त्यापेक्षा रोज थोडं कमी, पण ठरल्या वेळी.

आता पट्टीची मागची बाजू नीट वाचा. आपल्याकडे एसिटालोप्राम (उदासी-चिंतेवरचं वेगळ्या जातीचं औषध) आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास दिलं जातं. ती ब्लेडने अर्धी केलीत तर दोन्ही औषधं अर्धी होतात. मग चक्कर येते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात आणि दोष कुणाला द्यायचा तेच कळत नाही. डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळी लिहून द्यायला सांगा. गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर ती विचारल्याशिवाय तोडू नका, कुटू तर मुळीच नका. तुकडे फारच बारीक होऊ लागले तर डॉक्टर कधी कधी डायझेपामवर (याच जातीचं, शरीरात जास्त वेळ टिकणारं औषध) नेऊन तिथून उतरवतात. ते गणित घरी करू नका.

त्रास सुरू झाला की घरचे म्हणतात, ‘बघ, आजार परत आला.’ नेहमी तसं नसतं. कानात सूं-सूं, अंगाला मुंग्या, उजेड सहन न होणं, असं पूर्वी कधीच नसलेलं काही कपातीनंतर थोड्या दिवसांत आलं तर गोळीवर संशय घ्या. मी एका वहीत तारीख, डोस, झोपेचे तास एवढंच लिहायचो. डॉक्टरांना माझ्या लांबलचक तक्रारींपेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त झाला. फार जड गेलं तर त्याच डोसवर थांबायचं, पुढची कपात लांबवायची. लागलं तर डॉक्टर एक पायरी मागे नेतात. वाटेल तेव्हा एखादी गोळी तोंडात टाकणं म्हणजे मागे जाणं नव्हे.

झोपेसाठी दोन पेग? नाही. दारू मेंदूत जवळपास त्याच दारातून शिरते, आणि गोळीसोबत घेतली तर श्वास मंदावू शकतो.

फिट, भास, भ्रम, जीव द्यावासा वाटणं: यातलं काही झालं तर थेट १०८. मन मोकळं करायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी फोन-सेवा, १४४१६, रात्री-अपरात्रीही.

माझा शेवटचा पाव तुकडा सात आठवडे चालला. बायको म्हणायची, ‘एवढ्याशा भुग्याने काय होतंय?’ डॉक्टर म्हणाले, घ्या अजून दोन आठवडे. घेतला.