ब्लॉगसाठी बारा आठवड्यांचं उद्दिष्ट कसं ठरवावं

'सहा महिन्यांत महिन्याला दहा हजार वाचक.' ब्लॉग सुरू करताना असं काहीतरी वहीत लिहिलं जातं. तिसऱ्या महिन्यात आकडा दोनशेवर अडकलेला दिसतो आणि लिहिणं थांबतं. वाचक किती येतील हे गूगलवर, हंगामावर आणि कुणीतरी कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या लिंकवर अवलंबून असतं. तुमच्या हातात आहेत ते आठवड्याचे तास आणि त्या तासांत होणारं काम. उद्दिष्ट कामाचं ठरवायचं, वाचकांचा आकडा नुसता मोजत राहायचा. पुढची सगळी पद्धत एवढ्यावरच उभी आहे.

ही पद्धत नोकरी किंवा घर सांभाळून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून गच्चीवरच्या बागेविषयीचा ब्लॉग घेऊ. आठवड्याला पाच तास मिळतात आणि पंचवीसेक पोस्ट आधीच प्रकाशित झालेल्या आहेत, असं धरू.

आधी तास मोजा

दोन आठवडे काहीही न बदलता लिहा आणि प्रत्येक कामाला लागलेला वेळ टिपून ठेवा. फोटोंसह आठशे ते हजार शब्दांच्या पोस्टचा हिशोब साधारण असा निघतो: विषय ठरवणं आणि लोक तो कोणत्या शब्दांत शोधतात ते पाहणं अर्धा तास, माहिती जमवून पडताळणं एक तास, कच्चा खर्डा दीड ते दोन तास, दुसरं वाचन आणि शुद्धलेखन पाऊण तास, फोटो काढणं, कापणं आणि त्यांचा आकार कमी करणं पाऊण तास, शीर्षक, परमालिंक (पोस्टचा कायमचा वेब-पत्ता) आणि जुन्या पोस्टच्या लिंका अर्धा तास. एकूण पाच ते साडेपाच तास. शेवटचे दोन भाग बहुतेक जण हिशोबात धरतच नाहीत, म्हणून 'आठवड्याला दोन पोस्ट' हे सोपं वाटतं. खरं तर त्याला आठवड्याला अकरा तास लागतात.

आता बारा आठवड्यांचं गणित मांडा. पाच गुणिले बारा म्हणजे ६० तास. त्यातला पाचवा भाग आधीच वजा करा. बारा आठवड्यांत पाहुणे, ताप, मुलांच्या परीक्षा किंवा एखादं लग्न येणारच. उरले ४८. दर आठवड्याच्या आढाव्याला वीस मिनिटं, म्हणजे चार तास. हाती राहिले ४४ तास. यात नव्या पोस्ट जेमतेम आठ बसतात. पण सगळा वेळ नव्या पोस्टना देऊ नका. पाच नव्या पोस्ट (साडेसत्तावीस तास), सहा जुन्या पोस्टची डागडुजी (प्रत्येकी दोन तास, म्हणजे बारा) आणि उरलेले साडेचार तास एक कौशल्य सुधारण्यासाठी, ही वाटणी जास्त फळ देते. पंचवीस पोस्टच्या ब्लॉगवर बऱ्याच पोस्ट अर्धवट काम करत असतात. त्यांना हात लावणं नवीन लिहिण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आज कुठे आहात ते लिहून ठेवा

गूगल सर्च कन्सोलला (गूगलच्या शोधात ब्लॉग कसा दिसतो ते दाखवणारं गूगलचं साधन) ब्लॉग जोडलेला नसेल तर आजच जोडा, कारण जोडण्याआधीची माहिती सहसा नंतर मिळत नाही. साइटमॅपही, म्हणजे ब्लॉगच्या पानांची यादी, तिथे द्या. गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर पत्त्यापुढे 'साइटमॅप डॉट एक्सएमएल' चालतं. वर्डप्रेसमध्ये ५.५ या आवृत्तीपासून साइटमॅप आपोआप तयार होतो.

मग 'परफॉर्मन्स' रिपोर्ट उघडा, मुदत शेवटचे २८ दिवस ठेवा आणि 'सरासरी स्थान' (निकालांत ब्लॉग सरासरी कितवा येतो) हा चौकोनही चालू करा. महिन्याऐवजी २८ दिवस का? त्यात प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो, त्यामुळे पुढची तुलना सरळ होते. वहीत तीन आकडे लिहा: एकूण क्लिक, एकूण इम्प्रेशन (निकालांत ब्लॉग किती वेळा दिसला), आणि ८ ते २० या स्थानांत असलेल्या शोधांची संख्या. शोधांच्या यादीतली बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळली नाही तर गोंधळू नका. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल यादीत दाखवत नाही, आणि यादी हजार ओळींवर थांबते.

व्हॉट्सॲपवरून आलेले वाचक गूगल ॲनालिटिक्स या वाचक मोजणाऱ्या साधनात बहुतेक वेळा 'डायरेक्ट', म्हणजे थेट आलेले, म्हणून मोजले जातात. ग्रुपवर लिंक टाकताना तिला यूटीएमची शेपटी (वाचक कुठून आला ते सांगणारी खूण) जोडा, म्हणजे ते वेगळे दिसतील. हे केलं नाही, तर आत्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेल्या लिंकमुळे आलेली एका दिवसाची उसळी ब्लॉगची वाढ वाटते आणि पुढचं उद्दिष्ट त्या खोट्या पायावर ठरतं.

ब्लॉगवर दहापेक्षा कमी पोस्ट असतील तर मोजण्यासारखं अजून काही नाही. तेव्हा एकच उद्दिष्ट ठेवा: एकाच विषयावरच्या दहा पोस्ट, प्रत्येकीत एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर, आणि प्रत्येकीतून दुसऱ्या दोघींकडे लिंक. पहिले तीन महिने वाचकांचा आकडा पाहूच नका. नव्या ब्लॉगची पानं गूगलच्या यादीत यायलाच अनेकदा काही आठवडे लागतात.

उद्दिष्ट लिहिण्याची रीत

'नियमित लिहीन' हे उद्दिष्ट नाही, कारण ते पूर्ण झालं की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: '३० जूनपर्यंत कुंडीतल्या भाज्यांवर पाच पोस्ट प्रकाशित. प्रत्येकीत स्वतः काढलेले किमान तीन फोटो, कुंडीचं माप इंचांत, आणि दोन जुन्या पोस्टच्या लिंका.' काम केव्हा पुरं झालं म्हणायचं, हे त्याच वाक्यात असू द्या.

प्रत्येक उद्दिष्टाला दोन पातळ्या ठेवा. पूर्ण पातळी पाच नव्या पोस्ट आणि सहा दुरुस्त्या. किमान पातळी तीन नव्या आणि चार दुरुस्त्या. घरात आजारपण आलं की माणूस पूर्ण पातळी सोडून देतो, आणि खालची पायरी नसेल तर थेट शून्यावर येतो.

जुन्या पोस्टची डागडुजी

वाढीचा सर्वांत मोठा वाव इथे आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

सर्च कन्सोलमध्ये 'पेजेस'वर जाऊन अशी पोस्ट निवडा, जिला इम्प्रेशन भरपूर आहेत पण क्लिक नगण्य आणि सरासरी स्थान ८ ते २० आहे. गूगल ती दाखवायला तयार आहे, पण लोक तिथवर पोचत नाहीत किंवा शीर्षक पाहून पुढे जातात. पोस्टवर क्लिक करून 'क्वेरीज', म्हणजे लोकांनी टाइप केलेले शोध, पाहा. समजा, 'माझा लाडका कढीपत्ता' या पोस्टवर लोक 'कढीपत्त्याची पाने पिवळी का पडतात' हे विचारत येताहेत आणि पोस्टमध्ये त्याला मिळालंय एक वाक्य. दुरुस्ती तिथेच सुचते.

शीर्षकात तो प्रश्न घ्या. पहिल्या दोन परिच्छेदांत उत्तर द्या: जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची कमतरता, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची, आणि माती सतत ओली राहत असेल तर आधी कुंडीचं भोक तुंबलंय का ते पाहावं. तिन्ही प्रकारच्या पानांचे फोटो टाका. मग ब्लॉगवरच्या दोन-तीन संबंधित पोस्टमधून इथे लिंक द्या. एवढ्याला दोन तास पुरतात.

मराठीत काही गोष्टी खास सांभाळाव्या लागतात. बोलीच्या शैलीत मजकूर लिहा, पण शीर्षकात आणि उपशीर्षकांत 'पाने', 'कुंडीतील', 'उपाय' अशी लेखी रूपं वापरा, कारण शोधताना बरेच लोक तशीच टाइप करतात. क्वेरीजच्या यादीत रोमन लिपीत लिहिलेली मराठीही दिसेल. तिच्यासाठी पोस्टमध्ये रोमन शब्द कोंबू नका, त्याने वाचन अडखळतं. परमालिंकमध्ये मात्र रोमन लिपी उपयोगी पडते. ब्लॉगरवर पूर्ण देवनागरी शीर्षक दिलं की पत्त्यात नुसतं 'ब्लॉग पोस्ट' आणि एखादा आकडा येतो. वर्डप्रेसमध्ये देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. म्हणून प्रकाशित करण्यापूर्वीच तीन-चार रोमन शब्दांचा पत्ता हाताने द्या. जुन्या पोस्टचा पत्ता शक्यतो बदलू नका. बदललाच तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप नेणारा रीडायरेक्ट लावा, नाहीतर लोकांनी आधी दिलेल्या सगळ्या लिंका तुटतात आणि दुरुस्ती करूनही आकडे खाली येतात.

दुरुस्तीची तारीख वहीत लिहा आणि चार आठवडे त्या पोस्टला हात लावू नका. दर तीन दिवसांनी शीर्षक बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

हंगाम आधी, पोस्ट त्याहून आधी

पाच नव्या पोस्टचे विषय पंचांग समोर ठेवून निवडा. सणाच्या पाककृतीची पोस्ट सणाच्या आठवड्यात टाकली तर गूगलला ती नीट ओळखायलाही वेळ मिळत नाही. सहा ते आठ आठवडे आधी ती तयार हवी. बागेच्या ब्लॉगला तर आणखी मागे जावं लागतं, कारण वाचकाला आधी पेरायचं असतं. झेंडूला बी पेरल्यापासून फुलं यायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर वाचक जुलै-ऑगस्टमध्ये शोधणार, म्हणजे पोस्ट जूनच्या सुरुवातीला प्रकाशित व्हायला हवी. उन्हाळ्यात कुंड्या कशा वाचवायच्या, ही पोस्ट फेब्रुवारी संपायच्या आत.

हंगामामुळे तुलनाही फसते. पावसाळ्यात बागेच्या ब्लॉगचे वाचक वाढतात ते तुमच्या मेहनतीमुळेच असतील असं नाही. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवतं, तेव्हा मागच्या वर्षीच्या त्याच २८ दिवसांशी ताडून पाहा.

एक कौशल्य, एकच

साडेचार तासांत तीन गोष्टी शिकता येत नाहीत. फोटो, शीर्षक, सुरुवातीचा परिच्छेद, यांपैकी जे सर्वांत कच्चं आहे ते घ्या. शीर्षक घेतलं तर प्रत्येक पोस्टला पाच शीर्षकं लिहून एक निवडायचं. सुरुवात घेतली तर विषय माहीत नसलेल्या एकाला पोस्ट मोठ्याने वाचायला सांगा आणि तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. फोटो घेतले तर रुंदी १२०० पिक्सेल आणि फाइल शक्यतो दीडशे केबीच्या आत, ही सवय हाताला लागेपर्यंत करा. मोबाइलवर पान उघडायला वेळ लागतो त्यामागे बहुतेक वेळा न कापलेले चार-पाच एमबीचे फोटोच असतात.

पैशाचं उद्दिष्ट

पहिल्या बारा आठवड्यांत ते ठेवू नका. नंतर ठेवायचं असेल तर गणित करून ठेवा. ॲडसेन्स ही गूगलची जाहिरात सेवा खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. खात्यात हजार पानदर्शनांमागे अर्धा डॉलर दिसत असेल तर पहिल्या रकमेसाठी दोन लाख पानदर्शनं लागतील. आजचा वेग पाहून त्याला किती महिने लागतात ते काढा. उत्तर तीन वर्षं आलं तर जाहिरातींनी पान भरण्यापेक्षा बियाण्यांची छोटी पाकिटं विकणं किंवा कार्यशाळा घेणं याचा विचार आधी करावा. गर्दीच्या जाहिरातींनी पान मंद होतं आणि जे थोडे वाचक आहेत तेही निघून जातात.

आढावा

आठवड्याची वीस मिनिटं ठरलेल्या वारी, शक्यतो रविवारी. त्यात दोनच प्रश्न: ठरलेलं काम झालं का, आणि झालं नसेल तर कुठला टप्पा अडला. खर्डा अडत असेल तर विषय फार मोठा घेतलाय, त्याचे दोन तुकडे करा. फोटो अडत असतील तर महिन्याचे फोटो एकाच सकाळी काढून ठेवा. आकडे मात्र चार आठवड्यांतून एकदाच पाहा. रोज पाहिले तर लिहिण्याचा वेळ तिथेच जातो, आणि रोजचे चढउतार तसेही काही सांगत नाहीत.

सलग दोन आढाव्यांत काम ठरल्याच्या निम्म्याहून कमी झालं असेल तर उद्दिष्ट लगेच किमान पातळीवर आणा. बाराव्या आठवड्याची वाट पाहू नका.

तेराव्या आठवड्यात नवी पोस्ट लिहू नका. सुरुवातीचे तीन आकडे आणि आजचे शेजारी मांडा. ८ ते २० मधले शोध वाढले असतील आणि क्लिक तेवढेच असतील, तर पुढच्या बारा आठवड्यांत नव्या पोस्ट कमी करून दुरुस्त्या वाढवा. इम्प्रेशनच हललं नसेल तर विषयांची निवड चुकतेय, तेव्हा क्वेरीजच्या यादीतूनच पुढचे पाच विषय काढा. पूर्ण पातळी आरामात गाठली असेल तर एकच आकडा वाढवा आणि तोही एकानेच: पाच पोस्टच्या सहा. बाकी सगळं होतं तसंच ठेवा.