आध्यात्मिक ध्येये ठरवताना या चुका टाळा

31 डिसेंबरची वॉच नाइट (चर्चमधली वर्षाखेरच्या रात्रीची) उपासना आटोपून घरी आल्यावर अनेक जण वहीत लिहितात: रोज एक तास प्रार्थना, वर्षात पूर्ण बायबल, राग सोडणार, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देणार. फेब्रुवारी उजाडेपर्यंत वही बंद झालेली असते आणि उरते ती टोचणी. पुष्कळदा विश्वास कमी पडलेला नसतो, ध्येयाची मांडणीच चुकलेली असते.

फळ आणि सवय यांची गल्लत

बायबलमधल्या गलतीकरांस पत्र 5:22-23 (अध्याय 5, वचने 22-23) मध्ये नऊ गुण आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना आत्म्याचे फळ म्हणतो. ‘यंदा मी सहनशील होणार’ असे लिहिले, तर उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे ते कळत नाही आणि महिनाअखेरीस काही साधले का, तेही सांगता येत नाही.

याच्या उलट चूक जास्त धोक्याची. सवय मोजता येते, म्हणून तिलाच ध्येय मानले जाते. लूक 18 मधला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) आठवड्यातून दोनदा उपास करी, सगळ्या उत्पन्नाचा दशमांश देई. त्याची यादी पूर्ण होती, तरी नीतिमान ठरून घरी गेला तो त्याच वेळी प्रार्थनेला आलेला, पापी समजला जाणारा जकातदार (कर वसूल करणारा). मत्तय 23:23 मध्ये येशू पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देणाऱ्यांना विचारतो की न्याय, दया आणि विश्वास कुठे गेले. आणि त्याच वचनात, ते दशमांशही सोडायचे नव्हते, असेही सांगतो. म्हणजे मूल्य आणि सवय दोन्ही हवीत.

म्हणून वहीत तीन रकाने आखा: मूल्य, माणूस, कृती. मधला रकाना सोडू नका. राग हवेत येत नाही, तो ठरावीक माणसावर, ठरावीक वेळी येतो. उदाहरणार्थ: सहनशीलता, दहावीतला मुलगा, कामावरून आल्यावर पहिली पंधरा मिनिटे मार्कांचा विषय काढणार नाही आणि घरात शिरण्याआधी जिन्यात त्याचे नाव घेऊन प्रार्थना करीन. हे जमले की नाही, रोज रात्री सांगता येते.

मूल्ये दोन किंवा तीनच घ्या. काय निवडावे सुचत नसेल, तर मीखा 6:8 पासून सुरुवात करा: न्यायाने वागणे, दयेची आवड, देवासमोर नम्रपणे चालणे. न्यायाच्या रकान्यात घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार ठरल्या तारखेला देणे आले, तर ते अगदी योग्य जागी आले. लेवीय 19:13 मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नका असेच सांगते.

बायबल वाचनाचे गणित न पाहणे

66 पुस्तकांच्या बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच, असे आठवड्याला 23 होतात; 52 आठवड्यांत 1,196. म्हणजे अख्ख्या वर्षात फक्त सात अध्यायांची सूट. दोन दिवस ताप आला की ती जवळजवळ संपली.

त्यात मजकुराची चढणही येते. उत्पत्तीचे 50 अध्याय भराभर जातात. निर्गमाच्या 25 व्या अध्यायापासून निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) मापे सुरू होतात आणि जानेवारीच्या शेवटी लेवीयातले यज्ञांचे नियम समोर येतात. पहिल्यांदा वाचणारा बहुधा इथेच थांबतो. तसे झाले तर लेवीय 16 (प्रायश्चित्ताचा दिवस) आणि 19 (शेजाऱ्यावर प्रीती) आधी वाचा. बाकीचे नियम कशासाठी आहेत ते मग उलगडू लागते.

पहिल्यांदाच नेमाने वाचणार असाल तर नवा करार घ्या. त्याचे 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच घेतले तर 52 आठवड्यांत बरोबर पूर्ण होतात, आणि शनिवार-रविवार राहिलेले वाचायला मोकळे राहतात. पूर्ण बायबलला दोन वर्षे दिली तरी काही बिघडत नाही.

मागे पडलात तर साचलेले सगळे एका रात्रीत उरकू नका. दहा दिवसांचे तीसेक अध्याय एका बैठकीत वाचले, तर डोळे ओळींवरून फिरतात, मनन होत नाही. आजच्या तारखेचा भाग वाचा, सुटलेल्यांवर पेन्सिलने खूण करा, पुढे सवड मिळेल तेव्हा ते घ्या.

प्रार्थनेचा तास

दहा मिनिटांचीही सवय नसताना पहाटे पाचचा तास ठरवू नका. दोन मिनिटे शांत बसा, एक स्तोत्र वाचा, मग प्रभूच्या प्रार्थनेतली एक विनंती घेऊन बोला. परीक्षेत न आणणे आणि वाईटापासून सोडवणे ही एकच धरली तर विनंत्या सहा होतात. सोमवार ते शनिवार एकेक. ‘आमची रोजची भाकर’ ज्या दिवशी येईल, त्या दिवशी नोकरी गेलेल्या ओळखीच्या माणसाचे नाव घ्या. दहा मिनिटे महिनाभर टिकली की पाच वाढवा.

उपासाचा नेम करणाऱ्यांसाठी एवढेच: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नका.

वचन तोडून घेणे

वर्षाचे वचन म्हणून यिर्मया 29:11 फार जणांकडे असते, आणि त्यावर परदेशी नोकरी किंवा लग्न यंदाच जमेल असे ध्येय बांधले जाते. ते पत्र बाबेलात बंदिवासात गेलेल्या लोकांना होते. आदल्याच वचनात 70 वर्षांची मुदत आहे. त्याआधी, 5 ते 7 मध्ये, घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. ते वचन मनापासून धरणाऱ्याच्या वहीत आपल्या गावासाठी, वॉर्डासाठी काहीतरी असायला हवे.

अर्पण ठरवताना

हातात पडणारा पगार 30,000 असेल तर दशमांश 3,000 होतो. एकदम जमत नसेल तर पाच टक्के, म्हणजे 1,500 पासून सुरू करा आणि दर तीन महिन्यांनी एक टक्का वाढवा. सव्वा वर्षात दहावर पोहोचाल. 2 करिंथ 8:12 नुसार दान आपल्याजवळ जे आहे त्यातून द्यायचे असते, म्हणून कर्ज काढून अर्पण नको. आईवडिलांच्या औषधाचे पैसे अडवून तर मुळीच नको. जे आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना येशूने मार्क 7:9-13 मध्ये कडक शब्दांत सुनावले आहे.

तपासणी कोणी करायची

अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असते. आदल्या शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटे वही घेऊन बसा. 1 करिंथ 11:28 मधली स्वतःची परीक्षा तिथे खरी होते. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) आधीची वेळ घ्या. मत्तय 5:23-24 समोर ठेवून पाहा, कोणाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे का. जमिनीच्या वाटणीवरून भावाशी बोलणे बंद असेल, तर इतर संकल्पांच्या आधी तो फोन येतो. तो बोलला नाही, तर रोमकरांस 12:18 प्रमाणे तुमच्याकडून होईल तेवढे तुम्ही केलेत. महिन्याभराने पुन्हा करा.

आपली ध्येये मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. गुप्तपणे करण्याविषयी मत्तय 6 स्पष्ट आहे. एका विश्वासू माणसाला सांगा, आणि ज्याचे नाव मधल्या रकान्यात लिहिले आहे त्यालाच तीन महिन्यांनी विचारा: “माझ्या वागण्यात काही फरक पडलाय का?” उत्तर ‘नाही’ आले तर मूल्य तेच ठेवा, कृती बदला.